घोंगडीवाला आणि कपारीतली पिल्लं

१

कपार रिकामी होती.

सत्यशीलानं आधी कॅमेऱ्यातून पाहिलं. मग कॅमेरा खाली घेऊन नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. मग पदरानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. परवापर्यंत जिथं कापसाच्या बोंडांसारखी दोन पिल्लं एकमेकांना रेटत बसायची, तिथं आता नुसता मुरूम होता आणि उंदराची एक शेपटी.

पिल्लं शृंगी घुबडाची होती. केजच्या एका तळ्याकाठी कॉलनीची बाग आहे, तिथली ही गोष्ट. बाग आपली नावाला. चार सिमेंटची बाकडी, एक मोडका झोका, कडुनिंबांची रांग आणि मागच्या अंगाला मुरुमाची जुनी खदान. पण सत्यशीलाला विचाराल तर ती म्हणेल, एवढं मोठं जंगल दुसरं कुठं नाही. याच तुकड्यात तिनं खंड्या टिपला होता, मुंगसाची जोडी टिपली होती, आणि कंपाउंडच्या भिंतीवर घोरपड ऊन खात बसलेली दिसली तेव्हा तर ती इतकी हरखली की फोटो काढायचाच विसरली.

तिचा धंदाही फोटोचाच. तहसीलजवळच्या दुकानात झेरॉक्स मशीन नवऱ्याचं, म्हणजे अंगदचं, आणि स्टुडिओ तिचा. दिवसभर लोकांना 'हनुवटी वर, डोळे उघडे' सांगायचं, आणि सकाळी बागेत येऊन कुणाचंच न ऐकणाऱ्या गिऱ्हाइकांमागं हिंडायचं. खदानीच्या कपारीत घुबडं आली तेव्हापासून तर तिला रात्री झोप लागेना. डोक्यावर शिंगांसारखे तुरे, आणि नारंगी डोळे असे की बघणाऱ्यालाच चोरी केल्यासारखं वाटावं.

आणि आता चोरी खरंच झाली होती.

"वच्छलाबाई! ओ वच्छलाबाई!"

बागेतल्या झाडांना पाणी घालणाऱ्या वच्छलाबाई नळी टाकून धावत आल्या. कपारीकडं बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"काल तुम्ही पाहिलं होतं का?"

"काल कशी यीन मी? येळवस सोडून झाडाला पानी घालाय येऊ का?"

तेही खरंच. काल वेळा अमावस्या, म्हणजे इकडची येळवस. त्या दिवशी केजमध्ये माणूस औषधालाही सापडत नाही. घराला कुलूप, दुकानाला कुलूप, सगळं गाव शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि आंबील पोटभर खायची आणि वाटेनं जाणाऱ्यालाही ओढून आणून जेवू घालायचं. सत्यशीलाही घाटनांदूरच्या वाटेवर सासरच्या शेतात होती. चोरानं दिवस नामी निवडला होता.

दोघींनी कपारीखालची जमीन पाहिली. पीस नाही, रक्त नाही.

"मांजरानं न्हेलं आसतं तर पिसं पडली असती," वच्छलाबाई म्हणाल्या. "ह्ये मानसाचं काम हाय."

खदानीच्या बाजूच्या पायवाटेनं वर गेलं की माणसाचा हात कपारीपर्यंत पोचतो, हे सत्यशीलाला ठाऊक होतं. मोह होऊनही तिनं तो कधी पोचवला नव्हता.

इतक्यात तिचा मोबाइल वाजला. कॉलनीच्या ग्रुपवर प्रविणनं व्हिडिओ टाकला होता. वर लिहिलं होतं: घुबडचोर सापडला.

२

बागेतल्या बाकड्यांभोवती कॉलनी जमली. प्रविण हा रील करणारा तरुण, आणि त्याच्याकडं ड्रोन. येळवशीला शिवारातल्या कोपी वरून कशा दिसतात हे टिपायला त्यानं दुपारी ड्रोन उडवला होता आणि येता-येता बागेचा कोपराही त्यात आला होता. चित्र अस्पष्ट, पण एवढं दिसत होतं: खदानीतून एक माणूस बाहेर पडतोय. अंगावर काळी घोंगडी. चेहरा दिसत नाही.

"घोंगडी! आता आनखी काय पुरावा पाहिजे?" प्रविण म्हणाला. "सटवाच हाय ह्यो."

सटवा म्हणजे तळ्यावर शेळ्यांना पाणी पाजायला येणारा धनगर. बारा महिने त्याच्या खांद्यावर घोंगडी असते, हे सगळ्यांनी पाहिलेलं. शिवाय काल अमावस्या. अमावस्या आणि घुबड हे दोन शब्द एकत्र आले की शिकली-सवरलेली माणसंही आवाज खाली घेऊन बोलू लागतात. करणी, उतारा, लिंबू, टाचण्या, जो तो आपलं ज्ञान पाजळू लागला.

सटवाला बोलावून आणलं. त्यानं एकदा कपारीकडं पाहिलं आणि एकदा जमलेल्या लोकांकडं.

"म्या कावून न्हेऊ पिल्लं?" तो म्हणाला. "मला काय करायचीत?"

"मग काल कुठं होतास बे?" आप्पारावांनी दरडावलं. आप्पाराव बागेच्या कमिटीचे अध्यक्ष. घुबड या पक्ष्याचा त्यांना पहिल्यापासून तिटकारा. ही खदान भरून टाकू असा ठराव त्यांनीच मांडला होता.

"तळ्याच्या पल्याड गेलतो, शेळ्या घिऊन. मंग तुमीच हाक मारली की जेवाय. तुमच्याच कोपीत भज्जी खाल्ली आन् तुमीच इचारता कुठं होतास?"

लोक हसले. आप्पाराव जास्तच तापले. "जेवून कुठं गेलास ते कुणाला ठाऊक? ऐक. उद्या संध्याकाळपर्यंत पिल्लं जागेवर आली पाहिजेत. न्हाई तर पोलिसांत नाव देतो, आन् तुझ्या शेळ्या ह्या तळ्यावर पुन्हा दिसायच्या न्हाईत."

सटवाचा चेहरा उतरला. पोलिसांचं नाव निघालं तेव्हा तो एवढा हलला नव्हता. आसपासचे ओढे आटत आलेले. हे तळं गेलं तर शेळ्या न्यायच्या कुठं?

"अहो, एवढं तोडून बोलू नका," मागून शांत आवाज आला. मोहनराव सर होते. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, गळ्यात तुळशीची माळ, खांद्याला लांबलचक लेन्स. "जरा दम धरा. येतील पिल्लं परत."

सत्यशीलाला बरं वाटलं. सर असेच होते. शाळेत असताना तिला रेघ ओढायला शिकवली ती सरांनी, आणि चाळिशीला टेकल्यावर पासपोर्ट फोटोंच्या कंटाळ्यातून ओढून हातात पाखरांचा कॅमेरा दिला तोही सरांनीच. "आधी बघायला शीक, बटण मग दाब," हे त्यांचं वाक्य तिनं दुकानात भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

लोक पांगले. सटवा मात्र तिथंच उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "तुमी तर रोज हितं आस्ता. म्या कधी त्या पाखराला खडा तरी मारला का?"

"नाही मारला."

"मंग तुमी बोलल्या कावून न्हाईत?"

सत्यशीलाला झोंबलं. खरंच, ती गप्प का बसली?

"उद्या संध्याकाळच्या आत चोर शोधते, सटवा," ती म्हणाली. म्हणून बसली आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण गुन्हेगार सोडा, हरवलेली किल्लीसुद्धा कधी स्वतः शोधलेली नाही.

३

पण अंगात वारं भरलं होतं. ती थेट आप्पारावांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"आप्पा, खरं सांगा. घुबडं जावीत असं तुम्हालाच वाटत होतं ना?"

"वाटत होतं! अजून वाटतंय! घरासमोर घुबड म्हणजे काय शोभा हाय का?" आप्पाराव उसळले. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "पण हात लावायला माझी छाती न्हाई बाई. त्यानं माझ्याकडं मान फिरवून पाहिलं त्या दिवसापासून मी सकाळचं फिरणं सोडलंय. तुझ्या काकूला सांगू नको."

हे मात्र खरं वाटलं. आप्पारावांचा फिरायचा नवा बूट महिनाभर ओट्यावर धूळ खात पडला होता.

मग प्रविण. त्याला पाहिजे होते बघे, लाइक, गाजावाजा. पण पिल्लं त्यानं चोरली असती तर चोरीचा व्हिडिओ स्वतःच टाकला असता का? शिवाय दिवसभर तो पाच-सात मित्रांच्या घोळक्यात, रिमोट हातात घेऊन. "ताई, मला घुबडाचं काय पडलेलं न्हाई," तो म्हणाला. "चोराचा व्हिडिओ मात्र लई चालला." असा निर्मळ स्वार्थ असला की माणसावर संशयही घेता येत नाही. सत्यशीलानं त्याच्याकडून मूळ व्हिडिओ घेतला.

दुकानात कॉम्प्युटरवर तिनं तो पुन्हा पुन्हा फिरवला. घोंगडीवाला खदानीतून येतो, कडुनिंबाखालून जातो, चित्राबाहेर. पुन्हा येतो, पुन्हा जातो. अंगद झेरॉक्स काढता-काढता वैतागला. "आगं, त्याला एकदाचं घरी जाऊ दे की!"

"थांब!" सत्यशीला ओरडली. "त्याच्या डोक्यावर बघ. घोंगडीच्या टोकाखाली."

काहीतरी गोल होतं. मडक्याएवढं.

"आंबिलीचं बिंदगं दिसतंय," अंगद म्हणाला. "त्यात काय नवल? काल निम्म्या गावाच्या अंगावर घोंगडी हुती आन् डोक्यावर बिंदगं. मी न्हाई का न्हेलं?"

सत्यशीला खुर्चीतून उठलीच. अंगद काय बोलून गेला हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. येळवशीला घरातला पुरुष घोंगडी पांघरून आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन शेताला जातो. एरवी घोंगडी म्हणजे सटवा. पण काल घोंगडी म्हणजे कुणीही! आणि डोक्यावर मडकं असलेल्या माणसाला त्या दिवशी कुणी थांबवत नाही, 'आत काय हाय' म्हणून विचारत नाही. आत आंबीलच असणार. पिल्लं न्यायला याहून चांगली लपवायची जागा दुसरी कुठली?

आणि सटवाला शेत कुठं आहे? ज्याला शेत नाही त्याला कोप नाही, आणि ज्याला कोप नाही तो मडकं कुणाच्या बांधाला नेणार? भर दुपारी तो मडकं घेऊन फिरला असता तर उलट चार जणांनी हटकलं असतं. चोर शेतकरी होता. ती आनंदानं टाळी वाजवणार, तेवढ्यात तिला आठवलं की कॉलनीतल्या जवळजवळ प्रत्येकाला शेत आहे.

संध्याकाळी वच्छलाबाई भाजी घेऊन दुकानावरून चालल्या होत्या. त्या दारात थांबल्या.

"काय गं, तुझ्या सरांनी माळ काढली का काय?"

"कावून?"

"आज मटनाच्या दुकानावर उभे! खिमा घेतला पिशवीत. म्या म्हनलं, सर तुमी? तर म्हने, कुत्र्याला."

सत्यशीला हसली. मोहनराव सर, जे भज्जीत लसूण आहे का म्हणून विचारतात, ते मटणाच्या दुकानात! पण असेल, एखाद्या कुत्र्याची दया आली असेल. सरांचं मनच तसं.

रात्री ग्रुपवर श्रद्धांजलीचा पूर आला. ज्यांनी आयुष्यात घुबड पाहिलं नव्हतं त्यांनीही हात जोडलेली चित्रं टाकली. मग सरांनी एक फोटो टाकला. एक पिल्लू, एकटं, डोळे मोठे करून थेट बघणारं, आणि त्याच्या पांढुरक्या पाठीवर उन्हाचे उभे पट्टे. खाली लिहिलं होतं: 'येळवशीच्या आदल्या दिवशी टिपलेलं. शेवटचं दर्शन.'

सत्यशीलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतका सुंदर फोटो तिला जन्मात जमला नसता. लगोलग सरांचा फोन आला. "सत्यशीला, मूळ फाइल पाठवलीय. मोठा प्रिंट काढ. बागेत लावू."

४

सकाळी मोठ्या कागदावर फोटो मशीनमधून हळूहळू बाहेर येऊ लागला. आधी डोकं, मग डोळे, मग पाठ, मग पंजे.

"अयाई गं!" अंगद वाकून म्हणाला. "पंजाला रक्त हाय की!"

मोबाइलवर कुणालाच दिसलं नव्हतं. पण इथं स्पष्ट होतं. पिल्लाच्या नख्यांना तांबडं काहीतरी लागलं होतं, आणि शेजारी पांढरं.

"पांढरं तर विष्ठा असंल," अंगद म्हणाला. "पाखराची पांढरीच आस्ती. पण रक्त..."

"उंदराचं असेल," सत्यशीला म्हणाली. पण तिचं तिलाच पटेना. कपारीतलं उंदराचं रक्त तिनं रोज पाहिलं होतं. ते मुरमावर लगेच काळपट पडतं. हे मात्र विटेसारखं कोरडं, तांबडं, भुकटीसारखं. आणि हे पट्टे? कपारीवर दुपारचं ऊन सरळ येतं, वर एक फांदीसुद्धा नाही. मग इतक्या सरळ, इतक्या जवळजवळ सावल्या कशाच्या?

ओला कागद नीट करायला तिनं बोटं पुढं केली, आणि थबकली.

तिच्या स्वतःच्या नखात तेच होतं. नखाच्या कडेला पांढरं, आणि त्याला लागून तांबडं. परवा सकाळी कोपीत पाच पांडवांच्या दगडांना तिनंच चुना लावला होता आणि वर कावेचे, म्हणजे गेरूचे, ठिपके दिले होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, "काव लवकर निघायची न्हाई बरं." भांडी घासून झाली, अंघोळी झाल्या, काव काही निघाली नव्हती.

चुना आणि काव. आणि कडब्याच्या फटींतून येणारं ऊन, पट्ट्यापट्ट्यांचं.

"हा फोटो कपारीतला नाही," ती हळूच म्हणाली. "कोपीतला आहे."

"पन सर तर म्हनले आदल्या दिशीचा..."

"आदल्या दिवशी पांडवांना चुना-काव लागलीच नव्हती, अंगद! ती लागते येळवशीच्या सकाळी. पिल्लू त्यानंतर कोपीत होतं. आणि फोटो काढणारा त्याच्यासमोर होता."

सत्यशीलाला एकेक आठवू लागलं. मटणाचा खिमा, माळकऱ्याच्या पिशवीतला. 'येतील पिल्लं परत.' पिल्लांना अजून धड पंख फुटलेले नव्हते. ती आपली आपण येणार कशी? ज्याला ती कुठं आहेत हे माहीत आहे, तोच असं म्हणेल.

सत्यशीला स्टुलावर बसली. चोर सापडला होता, आणि तिला वाटत होतं की सापडला नसता तर फार बरं झालं असतं. भिंतीवर सरांचं वाक्य तिच्याकडं बघत होतं. आधी बघायला शीक.

मग तिला एक गोष्ट सुचली आणि ती ताडकन उठली. खिमा कालच घेतला होता. म्हणजे पिल्लं जिवंत होती!

५

स्कूटी काढण्याआधी तिनं वनरक्षक मंगलताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आधी पिल्लं जागेवर. बाकीचं मी बघते. येतेच मी संध्याकाळी."

सरांचं शेत धारूरच्या रस्त्याला, तळ्यापासून फार लांब नाही. ज्वारी कमरेच्या वर आलेली. शिवारात परवाच्या कोपी अजून उभ्या होत्या, पण माणूस नव्हता. येळवस झाली की कोपीकडं कोण फिरकतं? ती पिकातून वाकून चालली. कोपीजवळ पोचली तेव्हा आतून सरांचा आवाज आला, एखाद्या रुसलेल्या पोराला समजवावं तसा.

"खा गं माय. एवढं खा. थोडं तरी खा."

सत्यशीला तोंडाशी वाकली. आत मोहनराव सर मांडी घालून बसले होते. ज्या माणसानं कधी अंडं शिवलं नाही, तो चिमट्यानं खिम्याचा गोळा धरून होता. समोर रुंद तोंडाचं मडकं, पाच पांडव, आणि पांडवांना टेकून बसलेली दोन पिल्लं. जिवंत! एकानं तिच्याकडं बघून चोच कटकटवली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"सर."

चिमटा सरांच्या हातातून पडला. तो त्यांनी उचलून मडक्याच्या कडेला ठेवला.

"जरा वेळच न्यायची होती," शेवटी ते म्हणाले. "सगळं गाव शेतात होतं. कोपीतलं ऊन बघितलं आणि वाटलं, इथं बसवून दोन फोटो घ्यावेत, दिवस मावळायच्या आत परत ठेवावीत. पण भाऊबंद आले, पोरं कोपीभोवती खेळायला लागली. मागच्या बाजूला मडक्यात झाकून ठेवली तशीच. रात्री खदानीत जायचा धीर झाला नाही. आणि सकाळी तू ओरडलीस, लोक जमले."

"आणि सटवाचं नाव निघालं."

सरांनी मान खाली घातली.

"सर, तुम्हीच शिकवलं ना, घरट्याला हात लावायचा नाही म्हणून? मग कावून?" तिचा आवाज चढला, आणि शाळेतल्या मास्तरांवर आपण ओरडतोय याची तिला लाजही वाटली नाही.

"तुझ्यामुळं," सर म्हणाले.

"माझ्यामुळं?"

"माझा हात थरथरतो आता. खदानीत वाकून उभं राहता येत नाही. तू रोज एकेक फोटो टाकायचीस, लोक वाहवा करायचे, मीही करायचो. पण घरी गेल्यावर झोप यायची नाही. ज्या पोरीला मी कॅमेरा धरायला शिकवला तिचे फोटो माझ्यापेक्षा चांगले. एक तरी फोटो असा पाहिजे होता की तू म्हणावं, सर, हे मला जमलं नसतं."

"म्हणाले की मी," सत्यशीला म्हणाली. "काल रात्री फोटो बघून अगदी हेच मनात म्हणाले. रडलेसुद्धा."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सत्यशीलाला राग होता आणि दयाही येत होती, आणि दोन्ही एका जागी मावत नव्हती. तिनं पिल्लांकडं पाहिलं.

"ह्यांची आई दोन रात्री कपारीवर बसून हाका मारतेय, सर. आज ती तिसरी रात्र बसणार नाही."

"मी आत्ता गुपचूप ठेवून येतो. कुणाला कळायचं नाही."

"मग सटवाच चोर राहील. चोरलेली घाबरून परत ठेवली म्हणतील." सत्यशीला उभी राहिली. "जशी नेली तशीच आणायची. घोंगडी अंगावर, मडकं डोक्यावर. पण चेहरा उघडा, आणि कॉलनीच्या मधल्या रस्त्यानं."

६

दिवस कलला तसे लोक बागेत जमले. आप्पाराव पोलिसांना फोन लावायच्या तयारीत. प्रविणचा मोबाइल चालू. सटवा शेळ्या मागं ठेवून एका कडुनिंबाखाली उभा होता. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही. मंगलताई खाकी कपड्यात खदानीच्या तोंडाशी थांबल्या होत्या.

"काय गं, चोर सापडला का?" आप्पारावांनी विचारलं.

"येतोय," सत्यशीला म्हणाली.

आणि तो आला. मधल्या रस्त्यानं, काळी घोंगडी पांघरून, डोक्यावर मडकं दोन्ही हातांनी धरून. व्हिडिओतलाच माणूस, फक्त आता चेहरा दिसत होता. "अरे, हे तर सर!" कुणीतरी म्हणालं. वच्छलाबाईंनी नुसता तोंडाला पदर लावला.

सर बाकड्यांपाशी थांबले. "पिल्लं मी नेली होती," ते म्हणाले. "फोटोसाठी. सटवानं काही केलेलं नाही. त्याचं नाव निघालं तेव्हा मी इथंच उभा होतो आणि गप्प बसलो."

एवढं बोलून ते खदानीच्या पायवाटेनं कपारीपर्यंत चढले. आणि तिथं अडकले.

डोक्यावरचं ओझं ज्यानं त्यानं एकट्यानं उतरवायचं नसतं. नेताना पिल्लं आत ठेवून मगच मडकं डोक्यावर चढवलं होतं, आणि बघणारं कुणी नव्हतं. आता पाय मुरमात सरकत होते आणि हात लटलट कापत होते. वाकावं तर मडकं जाणार, न वाकावं तर पिल्लं कपारीत जाणार कशी? खाली सगळी कॉलनी उभी. एरवी रस्त्यात अनोळखी बाईच्या डोक्यावरची घागर उतरवायला धावणारी माणसं, पण आता कुणाचा पाय हलेना. सत्यशीला निघालीच होती.

तिच्याआधी सटवानं काठी झाडाला टेकवली. तो चार ढांगांत वर गेला आणि मडक्याखाली हात घातला.

"थरथरू नका मास्तर," तो म्हणाला. "जीव हायत आत."

दोघांनी मिळून मडकं उतरवलं. सत्यशीलाचं बोट आपोआप बटणावर गेलं, एकदाच. मग मंगलताईंनी सांगितल्याप्रमाणं सरांनी एकेक पिल्लू उचलून कपारीत ठेवलं आणि मंगलताईंनी सगळ्यांना मागं, पार रस्त्यापर्यंत नेलं.

अंधार पडायला लागला. कुणी घरी जाईना. आप्पाराव सत्यशीलाच्या मागं लपून बघत होते. आणि मग खदानीतून तो आवाज आला, खोल, दमदार, 'हू-हूऽऽ'. त्याच्या मागोमाग दोन पिल्लांचा भुकेजलेला किरकिराट. वच्छलाबाईंनी टाळ्या वाजवल्या, लोक हसायला लागले, आणि प्रविण म्हणाला, "ताई, माझा मोबाइल! अरे, चार्जिंगच संपली!" मंगलताई सरांना जबाब घ्यायला बाजूला घेऊन गेल्या. सर खाली मान घालून, पण न अडखळता बोलत होते.

रात्री जेवण टाकून सत्यशीला दुकानात गेली. तिला तो एक फोटो बघितल्याशिवाय राहवेना. मशीन सुरू केलं. कागद हळूहळू बाहेर आला. मावळतीचा उजेड, मुरमाची भिंत, मडक्याखाली दोघांचे हात, एक थरथरणारा म्हणून जरासा पुसट आणि एक ठाम.

"कुठला फोटो लावनार बागेत?" अंगदनं विचारलं. "हा का सरांचा?"

"हा."

अंगद वाकून बघत राहिला. मग त्यानं कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आन् हे काय?"

सटवाच्या डोक्यामागं, खदानीच्या काठापलीकडच्या कडुनिंबात, पानांच्या आड काहीतरी होतं. सत्यशीलानं चष्मा पुसला. दोन तुरे. दोन नारंगी डोळे. आई तिथंच बसली होती, सगळा वेळ, एवढ्या माणसांच्या डोक्यावर, आणि तिच्याकडं कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

सत्यशीला इतकी मोठ्यानं हसली की शेजारचा दुकानदार शटर ओढता-ओढता थांबला. तेवढ्यात मोबाइल वाजला. ग्रुपवर आप्पारावांनी लिहिलं होतं: 'सटवाला कुणीतरी सांगा, उद्या शेळ्या घेऊन ये म्हणावं पाण्याला.'